मैनुद्दीनचाचांनी न केलेली खूण

पटकथा कशी लिहावी हे शिकवायला मला अजूनही कुठे कुठे बोलावतात. मी जातो. पात्र कसं उभं करायचं, संघर्ष कुठून आणायचा, यावर तासभर बोलतो. मुलं लिहून घेतात. शेवटी शाल आणि नारळ मिळतो. त्या तासातली कामाची वाक्यं सगळी एका टायपिस्टाची असतात. हे मी तिथे सांगत नाही. सांगायला लागलो तर पुढचंही सांगावं लागेल, आणि पुढचं माझ्या फायद्याचं नाही.

मैनुद्दीन शेख हे त्या टायपिस्टाचं नाव. आम्ही सगळे चाचा म्हणायचो. राहायला घोरपडे पेठेत दोन खोल्या, आणि दुकान लॉ कॉलेज रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, एका बंगल्याच्या रिकाम्या गॅरेजात. दोन टाइपरायटर, एक मराठी आणि एक इंग्रजी. एक लोखंडी कपाट. गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, तेही असं डुगडुगतं की कोणी फार वेळ बसू नये. फिल्म इन्स्टिट्यूट हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पटकथा टाइप करायच्या म्हटलं की सगळे तिथेच जायचे.

मी शहात्तर साली पहिल्यांदा गेलो. बँकेत नोकरी करत होतो आणि आपण लेखक आहोत अशी माझी पक्की समजूत होती. निळ्या शाईने लिहिलेली एकशेबारा पानं त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "कधी देता?"

"वाचून सांगतो," चाचा म्हणाले.

"टाइप करायला वाचायला कशाला लागतं?"

"तुम्हाला लिहायला लागलं नसेल, मला टाइप करायला लागतं."

चार दिवसांनी गेलो तर माझ्या समासात जागोजागी पेन्सिलीच्या बारीक तिरप्या रेघा होत्या. मोजल्या, एकेचाळीस भरल्या. जिथे पात्राला काय हवंय ते कळत नाही, किंवा जिथे माणूस असा वागणार नाही असं वाटतं, तिथे चाचा एक रेघ मारत. शब्द मात्र एकही बदलत नसत. मजकूर लेखकाचा, त्यावर टायपिस्टाचा हक्क नाही, हा त्यांचा नियम होता. आपण रेघांबद्दल विचारायचं, ते दोन वाक्यांत सांगायचे, मग पटलं तर दुरुस्त करायचं आणि नाही पटलं तर नाही. त्यानंतर ते रेघा खोडरबराने पुसून, कोऱ्या समासाचं हस्तलिखित आणि टाइप केलेल्या चार प्रती परत देत. दुसऱ्याच्या कागदावर आपली रेघ राहू नये म्हणत.

"हा तुमचा घरमालक इतका वाईट का वागतो?" त्यांनी त्या दिवशी मला विचारलं होतं.

"वाईट आहे म्हणून."

"असं होय. पाणी ओलं का, तर ओलं आहे म्हणून." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अनंतराव, दोघंही बरोबर असल्याशिवाय भांडण उभं राहत नाही. एकच जण चूक असेल तर ते भांडण नव्हे, पंचनामा. आणि पंचनामे मी बारा वर्षं टाइप केलेत."

खरंच केले होते. त्याआधी ते शिवाजीनगरच्या कोर्टाबाहेर झाडाखाली मशीन घेऊन बसत. सकाळी नवरा येऊन आपली कैफियत टाइप करून न्यायचा, दुपारी त्याची बायको यायची. "सकाळी वाटायचं, बिचारा. दुपारी वाटायचं, बिचारी. संध्याकाळी घरी जाताना सायकल नीट चालवता यायची नाही," असं ते सांगत. माणसांचं त्यांना जे कळत होतं ते तिथलं होतं. आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर कोणाचं तरी घर जातं, ही धास्तीही तिथलीच.

मी दहा वर्षं त्यांच्याकडे जात राहिलो. रेघा एकेचाळीसच्या तीस झाल्या, तिसाच्या अठरा. बायको हेमा मला चिडवायची, की परीक्षेला बसावं तसे तुम्ही चाचांकडे जाता. खरं होतं. एकदा तरी पहिल्याच वेळी कोरा समास हातात पडावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा उरली होती.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात एका दुपारी मी नुसताच गप्पा मारायला गेलो. चहा आला. चाचांनी कपाटातून मिठाईचा एक पुडा काढला आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला. दाताने तुटेना.

"चाचा, हा कुठल्या राजवटीतला?"

ते हसले नाहीत. "मुलीच्या लग्नाचा," म्हणाले. "रोज एक खातो. शेवटचे दोन राहिले होते. एक तुम्हाला दिला."

मग त्यांनी सांगितलं. कधी नव्हे ते सलग बोलले. रशीदा ही त्यांची एकुलती मुलगी. ती लहान असताना तिची आई, नसीमबानू, क्षयाने दोन वर्षं दवाखान्यात होती. त्या दोन वर्षांत रशीदाला नसीमबानूंच्या बहिणीने, अख्तरबानूने, पोटच्या पोरीसारखं वाढवलं. नसीमबानूंनी तेव्हाच बहिणीला शब्द दिला की ही तुझ्या मुलाला. रशीदा मोठी झाली आणि तिने कात्रजच्या रज्जाकशी लग्न करायचं ठरवलं. दुधाचा टेम्पो चालवणारा, सरळ मुलगा. रशीदाचंही चूक नव्हतं. तिने कोणालाच शब्द दिला नव्हता. अख्तरबानूने बहिणीशी बोलणं सोडलं. नसीमबानूंनी मुलीशी.

"निकाह झाला आणि तिसऱ्या दिवशी रशीदा आली. हातात हा पुडा. नसीमने दार उघडलं, बघितलं आणि लावून घेतलं."

"आणि तुम्ही?"

"मी आत. पलंगावर." चाचा मशीनच्या पट्ट्यांवरून उगीच बोट फिरवत होते. "दार लागल्यावर रशीदाने हाक मारली. एकदाच. अब्बा म्हणून. मी उठलो नाही. नसीमचं हृदय आधीच खराब झालंय. ती दाराला पाठ लावून थरथरत उभी होती. मी उठलो असतो तर तिला वाटलं असतं, बहीण गेली, मुलगी गेली, आता हाही गेला. म्हणून बसून राहिलो. मुलगी गेल्यावर दार उघडलं, तर उंबऱ्यावर पुडा."

रशीदाच्या डोक्यात तेव्हापासून एकच प्रश्न असणार, की हाक ऐकूनही अब्बा का आले नाहीत. चाचांना ते ठाऊक होतं. नसीमबानूंचा राग एक दिवस उतरेल, मग जाऊन मुलीला सांगू, असं म्हणून ते थांबले होते. मला त्यांच्याबद्दल त्या दुपारी खरोखर वाईट वाटलं. तो दगडासारखा पेढा मी तोंडात धरून पूर्ण विरघळवला.

आणि महिनाभरात मी त्याची पटकथा केली.

दूरदर्शनसाठी तासाभराची टेलिफिल्म हवी होती आणि माझ्याकडे काही सुचत नव्हतं. नावं बदलली. घर हडपसरला नेलं, बाप झाला आप्पासाहेब, मुलगी शालू. पण एक अडचण होती. पलंगावर गप्प बसलेला बाप पडद्यावर काय करणार? बसून राहणार. त्याला मी उठवला. आईला आत पाठवून रडायला बसवलं आणि दारात बापाला उभं केलं. मुलगी "बाबा" म्हणून हाक मारते. बाप दार उघडतो, पेढ्यांचा पुडा लाथेने गटारात उडवतो आणि म्हणतो, "मला मुलगी होती, हे तुला कोणी सांगितलं?"

वाक्य लिहून झालं तेव्हा मी खूश होऊन खोलीत फेऱ्या मारल्या. पुडा आणि हाक मात्र तशीच ठेवली, कारण ती खरी होती आणि खऱ्याला वजन असतं. ते कोणाच्या डोक्यावर पडेल हे मनात आलं नाही.

हे टाइप करायला मी चाचांकडेच दिलं. आज कोणी विचारलं की तुम्हाला लाज कशी वाटली नाही, तर उत्तर असं की वाटली होती, पण दहा वर्षं कोऱ्या समासाची हाव धरलेल्या माणसाला लाज फार वेळ अडवत नाही. शिवाय नावं बदललीत, त्यांना कळणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. चाचांना कळणार नाही! ज्याला माझ्या पात्रांच्या खिशात काय आहे तेही कळायचं!

चार दिवसांनी गेलो. रेघांवर बोलायला बोलावणं नव्हतं, थेट टाइप केलेल्या चार प्रती तयार होत्या, वर हस्तलिखित. मी समास चाळला. शेवटपर्यंत कोरा.

"चाचा, रेघा?"

"नाहीत."

"एकही नाही?"

"या वेळी नाही." त्यांनी मशीनवर झाकण घातलं. डोळे लाल होते. मला वाटलं, कामामुळे.

मी पेढे घेऊन घरी गेलो. होय, पेढेच. हेमाला म्हटलं, पास झालो.

शहाऐंशीच्या पावसाळ्याच्या शेवटी टेलिफिल्म दाखवली. ते वाक्य गाजलं. लोक मला रस्त्यात थांबवून म्हणून दाखवायचे. बँकेच्या मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. पंधरा दिवसांनी, कौतुक पुरेसं गोळा झाल्यावर, मी चाचांकडे गेलो.

"रशीदा यायला लागली घरी," त्यांनी आपणहून सांगितलं.

मला इतका आनंद झाला की मी स्टुलावरून उठलोच. "मग? काय म्हणाली?"

"मला नाही. तिच्या आईला भेटायला येते. दुपारी. मी यायच्या आत जाते."

ते शांतपणे सांगत होते. मी पुन्हा स्टुलावर बसलो. रशीदाने शेजारच्या घरी टेलिफिल्म पाहिली होती. पेढ्यांचा पुडा आणि ती एक हाक जगात तीनच माणसांना ठाऊक होती, आणि श्रेयनामावलीत माझं नाव होतं, अब्बांच्या ओळखीचं. तिने जे समजायचं ते समजलं. अब्बांनीच लेखकाला हे सांगितलं, त्यांच्या मनात हेच होतं, दार त्यांनीच लावायला लावलं आणि बिचारी अम्मी आत रडत होती. दुसऱ्या आठवड्यात ती घरी गेली आणि आईच्या गळ्यात पडली. नसीमबानूंनी तिला घट्ट धरलं. खरं काय ते सांगायला त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि तो निघाला नाही म्हणून त्यांना मी कधी दोष दिला नाही.

"चाचा, टाइप करताना तुम्हाला कळलं होतं?"

"दुसऱ्या पानावर."

"मग रेघ का नाही मारलीत? त्या दाराच्या प्रसंगाला एक रेघ मारली असतीत तर मी फाडून टाकला असता!"

"पेन्सिल उचलली होती. मग ठेवली." ते खालच्या आवाजात बोलत होते. "डॉक्टर म्हणालेत, नसीमजवळ वर्ष आहे, फार तर दोन. ती रोज रात्री मुलीचं नाव घेते आणि सकाळी तिच्याशी न बोलायची कसम आठवते. दार तिने लावलं ही गोष्ट तिच्या आणि मुलीच्या मध्ये उभी आहे. तुमच्या कागदावर ते दार मी लावत होतो. म्हटलं, लावू द्या. मुलगी हे बघेल आणि आईकडे येईल."

"आणि तुम्ही?"

"मला काय, मी दुकानात असतो दिवसभर."

मी म्हटलं, आत्ता जातो कात्रजला, सगळं सांगतो. त्यांनी माझं मनगट धरलं. टायपिस्टाची बोटं, पकड दुखेपर्यंत घट्ट. "तुमचं सांगून होईल, आणि तिची आई पुन्हा जाईल. अनंतराव, या मजकुरात आता दुरुस्ती नको. मला शब्द द्या." मी दिला. आणि हेही कबूल करतो, की देताना मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं. त्या टेलिफिल्मला तेव्हा बक्षीस जाहीर झालं होतं.

नसीमबानू अठ्ठ्याऐंशीत गेल्या. शेवटचे चार महिने रशीदा रोज दुपारी आईजवळ असायची. मैतीच्या दिवशी मी गेलो होतो. रशीदा बापासमोरून खाली मान घालून निघून गेली. मी चाचांना बाजूला घेऊन म्हटलं, आता तरी सांगू द्या. ते म्हणाले, "आता सांगितलंत तर तिच्या मनातली आईसुद्धा राहायची नाही. ती एक तरी धड असू द्या." स्वतः ते दोनदा तिच्या घरी गेले होते, पत्र घेऊन. एकदा दार उघडलं नाही, एकदा रज्जाकने खालच्या मानेने पत्र परत दिलं. त्या पत्रात त्यांनी एवढंच लिहिलं होतं, की मी वाईट नाही. कारण द्यायचं नाही असं ठरवल्यावर लिहिणार तरी काय?

पुढे ते महिन्यातून एकदा कात्रजला सर्पोद्यान बघायला जायला लागले. पाल दिसली तरी स्टुलावर चढणारा माणूस. रशीदाचं घर त्याच रस्त्यावर पुढे होतं. तिथून जाताना कधी दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसत, त्यावरून ते घराचा अंदाज घेत. "नातीचा गणवेश मोठा झालाय," असं मला एकदा सांगितलं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघू शकलो नाही.

माझ्या लिखाणावर ते रेघा मारत राहिले. मीही लिहीत राहिलो, पण पुन्हा कोरा समास मिळाला नाही आणि मला तो नकोच होता. कॉम्प्युटर आले, गॅरेजातली गर्दी ओसरली. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात चाचा दुकानातच, इंग्रजी मशीनसमोर, खुर्चीत गेले. कागद अर्धा टाइप झालेला होता. कोणाचा तरी नोकरीचा अर्ज. दफनाला रज्जाक आला होता. रशीदा घरी बायकांत बसली होती असं कळलं.

चाळिसावा दिवस झाल्यावर मी शब्द मोडायचं ठरवलं. बापाला गेल्यावर तरी मुलगी मिळावी. ते हस्तलिखित पिशवीत घातलं, निळ्या शाईचं, आणि बसने कात्रजला गेलो.

रशीदाने मला ओळखलं. आत बोलावलं, पाणी दिलं. चाळिशीच्या जवळ आलेली, अगदी चाचांचं कपाळ. मी सगळं सांगितलं. पलंग, हाक, पेढे, रोज एक खाणं, उचललेली आणि ठेवलेली पेन्सिल. ती ऐकत राहिली.

"म्हणजे दार अम्मीने लावलं," ती म्हणाली.

"हो."

"हे मला माहीत आहे, काका. अम्मीचाच हात दिसला होता मला. पण अब्बांच्या सांगण्यावरून, असं मी धरलं होतं." "मी हाक मारली होती. तिचं उत्तर मला तुमच्या टेलिफिल्ममध्ये मिळालं."

"ते उत्तर माझं होतं गं. त्यांचं नव्हतं. मी लिहिलं."

"आणि त्यांनी टाइप केलं."

मी पिशवीतून हस्तलिखित काढून तिच्यापुढे ठेवलं. का आणलं होतं, मलाच नीट माहीत नव्हतं. रिकाम्या हाताने जाववलं नाही एवढंच. तिने ते सवयीच्या हातांनी उचललं. "लहानपणी अब्बा असे कागद घरी आणायचे. रेघा पुसायचं काम माझं असायचं. खोडरबराने कितीही पुसलं तरी कागदावर वळ राहतो, उजेडात तिरपा धरला की दिसतो. मी अब्बांना दाखवायची. ते म्हणायचे, असू दे, तेवढं कोणी बघत नाही."

ती खिडकीपाशी गेली आणि एकेक पान तिरपं धरून बघू लागली. समासावरून बोट फिरवत. माझ्या लक्षात आलं ती काय शोधतेय. तिला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता. बापाने एकदा तरी रेघ मारली असेल, नंतर पुसली असेल, तिचा वळ तरी असेल. दाराच्या प्रसंगावर ती थांबली. पान अगदी डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ.

"पुसलेलीसुद्धा नाही," ती म्हणाली.

"त्यांनी पेन्सिल उचलली होती, रशीदा. मला स्वतः सांगितलं त्यांनी."

"अब्बांना जे पटायचं नाही तिथे ते रेघ मारायचेच. कोणाचाही कागद असो. कलेक्टरचा असला तरी." तिने पानं नीट जुळवली, कडा सारख्या केल्या. तीही चाचांचीच सवय. "तुम्ही लिहिता छान, काका. आत्ताचंही छान होतं. त्या वेळीही मला सगळं खरंच वाटलं होतं."

तिचं चुकत नव्हतं. माझंही आज खोटं नव्हतं. चाचा असते तर म्हणाले असते, आता झालं हे भांडण.

मी चपला घातल्या. दारापर्यंत आल्यावर तिने मागून विचारलं, "हे कागद ठेवून जाल?"

"ठेव," म्हटलं.

फाटकाशी येऊन मी वळून पाहिलं. ती पुन्हा खिडकीत उभी होती. पहिलं पान घेऊन, उजेडात तिरपं धरून, समासावरून बोट फिरवत. एकशे चार पानं होती. त्यात कुठेही काही नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि मी बसस्टॉपकडे चालू लागलो.